सात नावं

बातमीदाराने कागद पुढे सरकवला आणि रोजच्यासारखा साहेबांच्या लाल पेन्सिलीकडे बघत बसला. लष्कराच्या शिक्क्याशिवाय आघाडीवरून वर्तमानपत्राकडे एक ओळ जात नसे, आणि इथे शिक्का आणि तोफांचा हुकूम, दोन्ही साहेबांच्याच हातात. पहिल्या आठवड्यात त्याच्या बातम्या अशा लालेलाल होऊन परत यायच्या, की काय उरलंय ते शोधावं लागे. मग गडी शहाणा झाला. साहेब जे खोडणार ते आपणच आधी गाळायचं, की झालं!

साहेबांनी वाचलं. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. कोरी होती.

"एवढंच?"

"एवढंच, साहेब."

"आणि सकाळी बेकरीवर पडला, तो तोफगोळा?"

बातमीदाराने मांडीवरची वही जवळ ओढली.

"आपलाच होता. माझ्या हुकमावरून सुटलेला." साहेबांनी पेन्सिल खणात टाकली. "आज काही खोडायचं नाही, असं ठरवून बसलोय. माझं काय व्हायचं ते होवो. पाच बातमीदार येऊन गेले, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. तुम्ही तर तिथे गेला होतात ना?"

गेला होता. बेकरीवाल्याच्या बायकोने समोर उभं राहून गेलेल्यांची सात नावं लिहून घ्यायला लावली होती, नवऱ्यापासून धाकट्या जावेपर्यंत. "वाचून दाखवा, भाऊ." त्याने वाचली. "परत वाचा." त्याने परत वाचली. "छापाल ना?"

"म्हणजे काय, ताई! छापणारच," तो छातीठोकपणे म्हणाला होता.

"अजून वेळ गेलेली नाही," साहेब म्हणाले. "टपालाची गाडी साडेपाचला सुटते. बेकरीची ती गल्ली दुपारीच रिकामी केली, माणसं कुठे पांगली देव जाणे. तुमच्याकडची नावं सांगा, मीच लिहून घेतो."

बातमीदाराने वही उघडली. वहीच्या कडेच्या तारेत फाटलेल्या पानाचे कपटे अडकले होते. नाक्यावर झडती होईल, या भीतीने त्याने ते पान आधीच फाडून गटारात टाकलं होतं. नाक्यावरच्या शिपायाने वही मागितलीसुद्धा नव्हती. "या साहेब," म्हणून सरळ फाटक उघडलं होतं.

"हं, सांगा." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

शरमेने त्याची मान वर होईना. सातांतलं एक नाव आठवेल तर शपथ. कानात नुसता त्या बाईचा आवाज.

"परत वाचा."