सभेचे नियम

हात वर करायची वेळ आली तेव्हा मार्नी थोरसनने बाळ डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजवा हात वर केला. विरोधात.

मागच्या रांगेत बसलेल्या लाइल व्होंड्रा सरांना आधी वाटलं, ती बाळाची टोपी सारखी करतेय.

शाळेच्या वाचनालयात शिक्षण मंडळाची सभा चालली होती. शेती, वेल्डिंग, रुग्णसेवा शिकणाऱ्या मुलांच्या क्लबांना अनुदान द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. नेब्रास्का राज्य निम्मा वाटा द्यायला तयार होतं, उरलेला मंडळाने घालायचा होता. सात सदस्यांपैकी क्लबांच्या बाजूचे म्हातारे ऑरविल प्रोक खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते. राहिले सहा. बाजूने दोन, विरोधात चार.

"ठराव फेटाळला," अध्यक्ष डग केस्लर म्हणाले. "बरोबरी झाली असती तरी पडलाच असता, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नका. पडलेला विषय वर्षभर पुन्हा येत नाही, हे ठाऊक आहेच. पुढचा विषय, बसची टायरं."

बरोबरीत विषय पडतो, हे सरांनाही माहीत होतं. मार्नीला धरून तीनच मतं होती. पण पडायचंच होतं, तर ती आपल्या बाजूला असायला हवी होती.

मार्नी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सर चालवत त्या क्लबची, निळ्या कॉर्डुरॉयच्या जाकिटातली अध्यक्ष. सभा कशी चालवायची याच्या स्पर्धेत तिने राज्याची अंतिम फेरी गाठली आणि एका प्रश्नावर अडखळली. परतताना ती व्हॅनमध्ये रडत होती. गावाची पाण्याची टाकी दिसेपर्यंत सरांनी तिच्याकडून त्या एका उत्तराची घोकंपट्टी करून घेतली होती. "आता मेलीस तरी विसरायची नाहीस," ते म्हणाले होते, आणि ती रडता रडता हसली होती.

सभेनंतर ती गाड्यांपाशी त्यांच्यामागून धावत आली. बाळ कोटाच्या आत गुंडाळलेलं.

"सर, पुढच्या सभेला याल ना?"

"कशाला? मयताला?"

"या म्हणजे झालं." तिने मागे पाहिलं. दोन गाड्यांपलीकडे केस्लर काचेवरचा बर्फ खरवडत होते. "तुम्ही मला ओळखता, सर."

"ओळखत होतो," सर म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत डेला नावाच्या मुलीने विचारलं, "सर, स्पर्धेची तयारी चालू ठेवायची ना?"

सभेच्या नियमांचं पुस्तक टेबलावर उघडंच होतं. सरांनी ते मिटून खोक्यात टाकलं. "सभाच उरली नाही, तर नियम काय चाटायचेत?"

घरी त्यांची बायको ज्युडिथ राजमा-खिम्याची चिली ढवळत होती. सोबत दालचिनीचे रोल होते, त्यांना सरांनी हात लावला नाही.

"असं करणारी पोर नाही ती, लाइल."

"केलं ना पण."

"मग विचार तिला. सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला तिचा."

"मेंढराला काय विचारायचं, लांडग्यांबरोबर का गेलंस म्हणून?"

"आणि म्हणून तू राजीनामा देणार. शेजारच्या गावात मास्तर नोकरी सोडून गेले आणि क्लब बसला. शिक्षक नाही म्हणून राज्याने छदाम दिला नाही. नवा माणूस अजून मिळालेला नाही त्यांना."

"इथे पैसेच नाहीत. मास्तर राहून काय करणार?"

"मंडळाने मंजूर केला की परत घेता येत नाही, एवढं ध्यानात ठेव."

"म्हणून तर देतोय."

पण दिला नाही. कागद कोटाच्या खिशात घेऊन ते फिरत राहिले. पुढच्या सभेच्या दिवशी, अगदी दुपारी, त्यांनी तो कार्यालयात नेऊन दिला.

सभेला ऑरविल प्रोक वॉकर टेकत आले. खुर्चीत बसेपर्यंत सगळे थांबले. मार्नीची खुर्ची मात्र रिकामी होती.

"बाळाचा कान ठणकतोय, डॉक्टरकडे गेलीय," केस्लर म्हणाले. "उशीर होईल म्हणाली, पण मी आल्याशिवाय सभा संपवू नका म्हणे. बाळ झाल्यापासून हुकूमच सोडते." कुणीतरी हसलं. "पहिला विषय. लाइलचा राजीनामा."

ऑरविलनी मान वळवली. "अरे लाइल, मला जरा धड उभं तरी राहू द्यायचंस."

हात वर झाले. ऑरविलचा तेवढा झाला नाही.

"मंजूर. इतकी वर्षं केलंस त्याबद्दल मंडळ आभारी आहे, लाइल."

सरांनी कार्यशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या रांगेतल्या डेलाकडे न बघता ते दाराकडे निघाले.

दार बाहेरून ढकललं गेलं. मार्नी होती. केसांत बर्फ, खांद्यावर दुधाचा ओला डाग, बाळाचे गाल तापाने लाल.

"आलात," ती कुजबुजली. तिचा चेहरा उजळला. "जाऊ नका, सर. दोन मिनिटं."

तिला वाट द्यायला म्हणून सर बाजूला झाले, आणि तिथेच उभे राहिले.

कोट न काढता ती खुर्चीत बसली. ऑरविल आलेत ना, ते तिने आधी पाहिलं. मग बाळाचा दुखरा कान छातीशी धरून हात वर केला. पण बोलताना तिची नजर अध्यक्षांवर नव्हती. पाठ केलेलं म्हणून दाखवणारी मुलगी मास्तरांकडे बघते, तशी ती दाराकडे बघत होती.

"अध्यक्ष, मागच्या सभेत मी जिंकलेल्या बाजूने मत दिलं होतं. पडलेल्या विषयाचा फेरविचार पुढच्याच सभेत, आणि फक्त त्याच बाजूच्या माणसाला मागता येतो. क्लबांचा विषय मी पुन्हा सभेपुढे मांडते."