एकशे त्र्याऐंशी दिवस

"पूल ओलांडणाऱ्याला कारण विचारू नये, पोरी. खोटंच सांगतो."

टोलच्या खोपटात शेगडीवर हात शेकत बाप हे म्हणाला, तेव्हा हेस्टर आठ वर्षांची होती. आज तोच पूल समोर होता, टोल केव्हाच उठला होता, आणि संतापाने तिची कानशिलं तापली होती. तिला तर कारण विचारावंही लागलं नव्हतं. नवऱ्याने, ॲल्डनने, ते सहा वर्षांपूर्वी आपणहून सांगितलं होतं. कर.

नदीच्या अलीकडे व्हरमाँट. इथे पगारावर राज्याचा कर. पलीकडे न्यू हॅम्पशर, तिथे पगाराला हात लावत नाहीत. ॲल्डनची लाकडाची गिरणी पलीकडे, दोघांचं घर अलीकडे.

"मी पलीकडे खोली घेतो," तो म्हणाला होता. "वर्षात एकशे त्र्याऐंशीपेक्षा जास्त दिवस इथे दिसलो, तर हे राज्य मला आपला म्हणणार आणि कर मागणार. तेवढे दिवस येईन, झोपायला मात्र तिकडे."

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो फुल्या मारत आला. उन्हाळ्यात यायचा, घेवडा तोडायचा, कुंपण सांधायचा, तिच्या हातचं जेवायचा, आणि दिवेलागणीला पुलावर पाठमोरा व्हायचा. ती बघत राहायची.

पोस्टात बायका टोमणे मारायच्या. "हेस्टर, नवरा यंदा किती दिवस शिल्लक आहे गं?"

यंदा नोव्हेंबरातच संपला. उद्या थँक्सगिव्हिंग, आणि सकाळी फोनवर तो म्हणाला, "दिवस भरले, हेस. एकही उरला नाही."

तिने टर्की तशीच ओट्यावर टाकली, कोट चढवला आणि तडक टटलच्या कचेरीत शिरली. गावातल्या निम्म्या लोकांचे कराचे कागद हा म्हातारा भरायचा.

"टटल, माझ्या नवऱ्याला ही मोजदाद तुम्हीच शिकवलीत ना?"

टटलने चष्मा काढला. "बस तरी आधी. कसली मोजदाद?"

"सोंग नको! एकशे त्र्याऐंशी. फुल्या. चार पैसे वाचावेत म्हणून सणाच्या दिवशी बायकोला एकटं जेवायला लावायचं, ही कुठली अक्कल? लाज नाही वाटली?"

"पोरी," म्हातारा गोंधळला, "ॲल्डन काही वाचवत नाही. इथला पूर्ण कर भरतो दरवर्षी. बारा महिन्यांचा रहिवासी म्हणून. सहाही वर्षं."

हेस्टर खुर्चीत बसली.

"मीच म्हटलं त्याला, गाढवा, झोपतोस तिकडे तर भरतोस कशाला इथे? तर म्हणतो, माझं घर या काठाला आहे. माझे कागद तेवढे तिच्यापासून वेगळे भरा म्हणाला. मला वाटलं, तुम्हा नवराबायकोचं ठरलेलं असेल." टटलने तोंडावर हात ठेवला. "हे मी बोलायला नको होतं."

ती वाट तुडवत पुलावर आली. म्हणजे कर नव्हता. कंजुषीही नव्हती. मग काय उरतं, हे बाईमाणसाला कुणी सांगावं लागत नाही. तिने चालता चालताच ठरवलं: आज रात्री तो घरी झोपला तर ठीक. नाही तर सोमवारी वकील, आणि फारकत.

पलीकडच्या काठावर, गॅरेजवरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत ॲल्डन डब्यातले घेवड्याचे दाणे गरम करत होता. तिने न विचारता कपाट उघडलं, आरशापाशी पाहिलं, अंथरूण उलटवलं. एक कप, एक ताटली, एकच उशी.

"कुठे आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी मला सहा वर्षं गणित शिकवलंस ती!"

त्याने गॅस बंद केला. "टटल बोलला वाटतं."

"बोलला. आता तू बोल."

"कुणी नाही गं इथे. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नकोस! मग चल घरी. आत्ता. आज रात्री आपल्या पलंगावर झोप. नाही तर सोमवारी मी वकिलाकडे जाते, आणि पुढच्या वर्षी तुला एकही फुली मारावी लागणार नाही."

"जेवायला येतो उद्या," तो हळूच म्हणाला. "रोज येईन. रात्रीचं नको."

"रात्रीचं का नको? मी काय खाते तुला?"

"हेस, हळू. खाली लोक आहेत."

"ऐकू देत! अख्खं गाव हसलं माझ्यावर. पैशापायी बायको सोडणारा म्हणून तुला नावं ठेवली, आणि तू ऐकून घेतलंस. इतकं काय जड झालं होतं तुला माझ्या शेजारी झोपणं?"

तो खाटेच्या कडेवर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली सारले. तिने दाराला हात घातला.

"मला स्वप्न पडायचं," तो म्हणाला.

ती वळली नाही.

"कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरलाय, असं. मी त्याला पकडतो आणि दोन्ही हातांनी मान आवळतो. जोर लावून. जाग आली तेव्हा हातात तुझी मान होती, हेस. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या खेपेला तू किती वेळ श्वासच घेतला नाहीस. मग खोकलीस, कूस बदललीस. आणि सकाळी माझ्यासमोर बसून, मधाचं पाणी पीत म्हणालीस, घसा दुखतोय रे, थंडी बाधली वाटतं."