सांतिणीची प्रभावळ

"डॉक्टर, आधी नाडी बघा तिची," डॉरिस म्हणाली. "मग सांगा, सांतीण हाय का न्हाय."

डॉ. केळुसकर हसले नाहीत. ते रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. १९३८ च्या जुलैत उत्तनच्या देवळातील वेदीवरचे तैलचित्र खरेच संत स्त्रीचे आहे की आणखी कोणाचे, हे तपासण्यासाठी फादर ज्युलियस यांनी त्यांना मुंबईहून बोलावले होते.

चित्रात एक तरुणी होती. निळा मखमली झगा, गळ्यात मोत्यांचा सर, हाताशी मुकुट, मस्तकामागे सोनेरी प्रभावळ. गाव तिला सांत कातरीन म्हणे. पावसाळा सरला की ती पहिल्या होडीतून दर्यावर जाई. खाऱ्या पाण्याने झग्याचा काठ केव्हाच गेला होता. आता गालावरचा रंग सुटू लागला होता.

"सांतीण ठरली तर वेदीवर राहील, होडीतही जाईल," फादर म्हणाले. "नाही ठरली, तर देणाऱ्याच्या घरी परत. चित्र तुझ्या आजीने दिलेलं, डॉरिस. म्हणजे तुझ्या घरी."

"मना नको. मी रोज वेदी झाडतंय ती काय कोणा राजाच्या पोरीसाठी? तिची जागा हितंच हाय."

केळुसकरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रभावळीच्या कडेवर फिरवला. बोळा लगेच पिवळा झाला. दुसरा त्यांनी झग्यावर फिरवला. तो स्वच्छ राहिला.

"झग्याचा रंग दोन-अडीचशे वर्षांत दगडासारखा कठीण झाला आहे. प्रभावळ अजून मऊ आहे, ती अलीकडची. तिच्या खालची पार्श्वभूमी झिजली आहे, पण ते खाऱ्या हवेचं काम. प्रभावळ वजा करा, काय उरतं? मोती, मखमल, मुकुट. हे युरोपातल्या कुठल्याशा दरबारातल्या राजकन्येचं चित्र आहे. याबद्दल मला शंका नाही."

"चूक होऊ शकते," डॉरिस म्हणाली.

"माणसाची. स्पिरिटची नाही."

डॉरिसने पदर डोळ्यांना लावला. फादरांनी चित्र उतरवले.

घरी तिचा नवरा फ्रेडी याने ते भिंतीला टेकवले. यंदा पहिली होडी त्याची होती.

"इतकी वर्सं आपण कोणा परक्या बाईपुढं गुडघं टेकलं? आनी आता होडीत काय नेऊ मी?"

"मेणबत्ती ने. आनखी एका फेरीत हिचं तोंडच गेलं असतं."

"गेलं तर गेलं. सांतीण थोडीच हाय."

डॉरिसने दार लावून घेतले.

"सांतीणच हाय ती," ती म्हणाली. "तिची जुनी प्रभावळ खरवडाया मना दोन पावसाळं लागलं. नवी एका दुपारी झाली."