मोडीचं सोनं

सराफ हर्षदनं हार काट्यावर ठेवला. आकडा स्थिरावला.

"बावन्न ग्रॅम," तो म्हणाला.

कोठी बाजारातल्या त्या अरुंद दुकानात सुशीलाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांची सून त्रिवेणी शेजारी उभी होती. महिन्यावर शिल्पाचं, त्रिवेणीच्या नणंदेचं लग्न आलं होतं. त्रिवेणीचा हार मोडून शिल्पाला नवा करायचा असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे सुशीलाबाई बोलल्या होत्या आणि त्रिवेणीनं मान खाली घातली होती.

"वितळव मग," सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि तेवढ्याच वजनाचा नवा दाखव."

"तेवढा कसा येईल, बाई?" हर्षदनं हार उलटा करून नखानं दाखवला. "हे बावन्न खडे धरून. खड्यांचे पैसे आम्ही देत नाही. मागं लाख भरलीय, ती जळून जाते. सोनं बावीस कॅरेटचं आहे, मशीननं तसंच दाखवलं. पण हाती येईल ते चौतीस-पस्तीस. तेव्हाची मजुरी तर गेलीच, नव्याची वेगळी पडेल. जडावाचा माल घालायला छान, बाई. मोडायला नाही."

"असू दे. घरचंच आहे. वितळव."

काचेपलीकडे कारागिरानं बर्नर पेटवला. निळी ज्योत फुसफुसू लागली. त्रिवेणीनं हाराकडे पाहिलं. तारनाक्याला राहणाऱ्या तिच्या आईनं चार वर्षं चिटफंड भरून हा हार केला होता.

हार उचलता उचलता हर्षद थांबला. "बिल यांच्या नावाचं आहे. वहिनी, तुम्ही हो म्हणा. एकदा पिघळला की फिर वापस नै आता."

"तिला काय विचारतोस?" सुशीलाबाई म्हणाल्या.

त्रिवेणीनं हळूच विचारलं, "भैया, सगळ्यात कमी तूट कशात येते?"

"साध्या, भरीव दागिन्यात. खडे नाहीत, लाख नाही. त्यात जवळजवळ सगळंच..." बोलता बोलता त्याची नजर सुशीलाबाईंच्या हातांवर गेली.

दोन्ही हातांत दोन-दोन पाटल्या. जाड, भरीव, वापरून गुळगुळीत झालेल्या.

त्रिवेणीही तिकडेच पाहत होती. "आई, मोडायचंच असेल तर तुमच्या पाटल्या मोडू या. काही वाया जाणार नाही."

हे आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना. तिनं काउंटरची कड घट्ट धरली.

सुशीलाबाईंनी हात पदराखाली ओढून घेतले. "या माझ्या आईच्या आहेत."

"हारही माझ्या आईनंच दिलाय."

सुशीलाबाईंनी झटकन उजवा हात बाहेर काढला आणि पाटली ओढायला लागल्या. "घे! मी माझं राखून तुझं मोडते असं वाटतंय ना तुला? घे!"

पाटली अंगठ्याच्या हाडापाशी अडली. त्यांनी दात आवळून पुन्हा ओढली. कातडी दुमडली, लाल झाली. लग्नानंतर एकदाही ती हातातून उतरली नव्हती.

"काटूं क्या, अम्मा?" कारागिरानं कातर पुढं केली.

सुशीलाबाईंचा हात काचेवर तसाच होता. त्या कातरीकडे बघत राहिल्या. त्रिवेणीला तो हात धरावासा वाटला. तिनं धरला नाही.

"बंद कर ते," सुशीलाबाई म्हणाल्या.

ज्योत विझली. त्यांनी स्वतःच हार गुलाबी कागदात गुंडाळला, त्रिवेणीच्या पर्समध्ये ठेवला आणि चेन नीट लागली का ते दोनदा बघितलं. मग उठल्या.

दुकानाच्या पायरीवर त्या थांबल्या. मागं वळल्या नाहीत.

"शिल्पाला तू सांग," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं."