आता खरंच आला

भीमराजने कडी वाजवली नाही. शेषरावबाबांना पुढे घालून तो सरळ घरात शिरला आणि पलंगाशेजारच्या काळ्या ॲम्प्लिफायरकडे बोट करून उभा राहिला.

"हे पाहा बाबा. सकाळपासून कान किटून गेले आमचे."

साक्षी खुर्चीत गिटार मांडीवर घेऊन बसली होती. कानांवर हेडफोन होता. चुलत्याचे ओठ हलताना दिसले, तेव्हा तिने एक कान मोकळा केला.

"काय म्हणले काका?"

"माह्याशी बोलू नको. बाबांशी बोल."

घर मुळात एकच. मधोमध पत्रा ठोकून त्याची दोन केलेली. अलीकडे साक्षी आणि तिची आई पंचफुला, पलीकडे भीमराज आणि त्याची बायको संगिता. पत्र्याला इकडून कुणी टेकलं तरी तिकडून खाकरणं ऐकू यायचं, इतकं प्रेम. भीमराजची तक्रार विहाराच्या समितीपुढे गेली होती आणि समितीने ठरवलं होतं, पुन्हा एकदा जरी आवाज पत्र्यापलीकडे गेला, तर ॲम्प्लिफायर विहाराच्या कपाटात, कुलपात. शेषरावबाबा समितीतले वडीलधारे. ते म्हणतील ते शेवटचं.

साक्षी गायन पार्टीत गिटार वाजवायची. वसमतचा कार्यक्रम तोंडावर आला होता. ॲम्प्लिफायर नसेल त्याने येऊ नये, असं पार्टीवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि तिच्या जागेवर बसायला परभणीचा एक जण टपलेलाच होता. भीमराजला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर त्याची एवढी घाई.

"बाबा, सकाळपासून वाजवूनच राहिले मी," साक्षी म्हणाली. "पण आवाज भायेर गेला न्हाई. तुमीच पाहा."

तिने ॲम्प्लिफायरवरचा डबा पुढे ओढला. पंचफुलाचा मिसळणाचा गोल डबा. आतल्या वाट्या काढून तिथे खडूच्या तुकड्यांसारखे पांढरे रेझिस्टर बसवलेले, झाकणाला जुन्या रेडिओचं बटण, कडेला पाडलेल्या भोकात हेडफोनची पिन. ॲम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणारी वायर तिने मध्येच तोडून डब्यातून फिरवली होती. पिन आत असली की स्पीकर मुका. सगळा आवाज डब्यात जाऊन तापायचा आणि त्यातला चिमूटभर तेवढा कानाला मिळायचा.

"माह्या डब्याचं वाटोळं केलं पोरीनं," चुलीपुढून पंचफुला म्हणाली. "तुमच्यासाठीच केलं, भावजी. घ्या, पाहून घ्या."

शेषरावबाबांनी टोपी काढली आणि हेडफोन कानावर चढवून घेतला. साक्षीने तारा छेडल्या. बाबा दचकले, मग हळूहळू त्यांची मान डोलायला लागली. ती वाजवत असतानाच त्यांनी हेडफोन उतरवला आणि कान दिला. नुसती तारांची किणकिण, तीही डास गुणगुणल्यासारखी. ॲम्प्लिफायरचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. त्यांनी डब्याला हात लावून पाहिला.

"गरम हाये की. हळदीचा वास बी येऊन राहिला."

"वाट्या काढल्या, पण हळद काही निघाली न्हाई बाबा."

भीमराजचा चेहरा पडला. पण हार मानील तर तो भीमराज कसला! त्याने पत्र्यावर थाप मारली.

"संगिता! येऊन राहिला का आवाज?"

"काहून न्हाई येणार!" पलीकडून लगेच उत्तर आलं. जणू ती पत्र्याला कान लावूनच बसली होती. "भांडी हादरून राहिली समदी! डोकं उठलं माहं!"

साक्षीचा हात थांबला. शेषरावबाबांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा भीमराजकडे. ते पाहणंच भीमराजला झोंबलं.

"बाबा, ही पोरगी तुमाला येड्यात काढून राहिली! आवाज कुठं डब्यात ऱ्हातो व्हय?"

"ऱ्हातो," साक्षी म्हणाली. "आन तुमाला तेच नको हाये. आवाज बंद झाला, आता भांडायला काय उरलं तुमाला?"

असं म्हणून तिने सगळ्या तारांवरून एकदम हात मारला. रागाने मारला. तेवढ्यात भीमराज डब्यावर झेपावला, आणि हेडफोनची वायर मुठीत धरून त्याने हिसडली.

पिन निघाली.

स्पीकर असा गरजला की शेषरावबाबांनी दोन्ही कानांवर हात दाबले. पत्रा थरथरला. पलीकडे काहीतरी धाडकन पडलं आणि त्यामागोमाग ताटल्या घरंगळत गेल्या. भीमराज पिन हातात घेऊन डब्याभोवती भोक शोधत होता. डब्याला भोकं दोन होती. त्याने चुकीच्या भोकात पिन खुपसली, काढली, परत तिथेच खुपसली.

तारांवर नुसता तळहात ठेवला असता तरी आवाज बंद झाला असता. साक्षीने दोन्ही हात उचलून खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि चुलत्याकडे बघत बसली. पंचफुलाही चुलीपुढून उठली नाही.

आवाज उतरत उतरत जरा खाली आला, तेव्हा पत्र्यापलीकडून संगिता जिवाच्या आकांताने ओरडली.

"अहो! आता खरंच आला!"