अंदाजातली यमुना

"यमुनाताई, अभिनंदन! सहा वर्षं गोळी घेऊनही तुमची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत." संशोधन केंद्रातल्या यंत्रानं तिचा अंगठा ओळखून हे सांगितलं, तेव्हा यमुना ठोंबरे नुकतीच डायलिसिसवरून उठून आली होती.

सहा वर्षांपूर्वी संधिवाताच्या नव्या गोळीच्या चाचणीत तिनं नाव घातलं होतं. तिसऱ्याच महिन्यात अंग सुजलं, तशी तिनं गोळी सोडली; पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. कुणी चौकशीलाही आलं नाही. तिच्या रिकाम्या नोंदी यंत्र अंदाजानं भरत राहिलं, आणि यंत्रातली यमुना गोळी घेत घेत धडधाकट झाली. उद्या त्या गोळीला परवानगी मिळणार होती.

"रक्त तपासा," यमुनानं हात पुढे केला. "खरी नोंद आली की अंदाज पुसायचा, हा तुमचाच नियम."

केंद्राचे प्रमुख डॉक्टर कारखानीस गडबडले. "बाई, आता कशाला उगाच त्रास?"

"माझा त्रास मी गोळी सोडली तेव्हा विचारायचा होता."

रक्ताचा थेंब यंत्रात पडला. पडद्यावरचा गोळीच्या सुरक्षिततेचा आलेख केसभर खाली आला. डॉक्टर हसले. "बघा, पडला काही फरक?"

"एकीनं नाही पडायचा," म्हणत यमुनानं दार उघडलं. डायलिसिसच्या खोलीत तिला भेटलेली एकतीस माणसं बाहेर बाह्या सरसावून उभी होती. "सगळी याच गोळीच्या चाचणीतली, तुम्ही अंदाजानं भरलेली. सावकाश घ्या, डॉक्टर, मला घाई नाही."

ती डॉक्टरांसमोरच खुर्ची ओढून बसली आणि थेंबाथेंबासरशी उतरत जाणारा त्यांचा चेहरा डोळे भरून पाहत राहिली.