जास्तीचं खाणं

"आणखी दोन गेले," म्हणत त्याने जाळीतले मासे वर्तमानपत्रावर उपडे केले आणि घरात खून झाल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं.

बायको वह्या तपासत होती. बाबांना सांभाळायला येणारी ताई त्यांचा शर्ट बदलत होती. चाकाच्या खुर्चीतले बाबा भिंतीकडे बघत होते.

टाकी बाबांसाठीच आणली होती. त्यांनी जन्मभर गोदीत क्रेन चालवली. वरच्या केबिनमधून नुसत्या आवाजावर खालची माणसं पळवायचे. मग एका सकाळी झटका आला, उजवी बाजू गेली आणि उजवा हात गळ्यातल्या पट्टीत आला. डॉक्टर म्हणाले, जिभेला काही झालेलं नाही, बोलतील. पण इस्पितळातून आल्यापासून बाबांनी तोंड उघडलं ते फक्त घास घ्यायला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईला त्यांनी डाव्या हाताने असं ढकललं, की ती पुन्हा फिरकली नाही.

मासे बघून माणसाचं मन रमतं, असं त्याच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. त्याने टाकी घेतली. रोज सकाळी तो बाबांची खुर्ची टाकीकडे वळवायचा आणि दुकानाला पळायचा.

मासे मरायला लागले तेव्हा तो मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात गेला. रविवारी सकाळी ही मंडळी एका निवृत्त शिक्षिकेकडे जमायची. कोणी पाणवनस्पतीची फांदी आणायचं, कोणी बाटलीतून आपल्या टाकीतलं पाणी. त्या शिक्षिकेला सगळे भूगोल मॅडम म्हणत आणि सगळे घाबरत.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी त्याचीच बाटली त्याच्या नाकाखाली धरली.

"घ्या वास. काय घालता खायला?"

"सकाळी एक चिमूट. तुम्ही सांगितलंत तेवढंच."

"मग घरात दुसरं कोणीतरी घालतंय. खाऊन उरलेलं तळाशी कुजतं आणि त्याचं विष होतं. माझ्याकडे काय रागाने बघताय? घरी जाऊन बघा."

तो तणतणत घरी आला. टाकीतली खडी उकरली, तर हाताला ब्रेडचा बुळबुळीत गोळा लागला.

"बाबांचा ब्रेड माशांना घालता?" तो ताईवर कडाडला.

"मी कशाला घालू? मला स्वतःला खायला फुरसत नसते इथे."

"मग ब्रेड काय पोहत गेला?"

ताईने बाबांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. हा कबुलीजबाबच, असं त्याला वाटलं.

"उद्यापासून येऊ नका."

तिने पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, "आजोबा, जपून हं."

बायको भडकली. "आता त्यांना कोण बघणार? मी? माझ्या दुपारच्या शिकवण्या काय तू घेणार आहेस?"

"नवीन बाई मिळेपर्यंत बंद ठेव."

"तुझं दुकान का नाही बंद ठेवत?"

तो पाणी बदलायला गेला. चार-पाच दिवस पाणी नितळ राहिलं. मग पुन्हा दुधाळ झालं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. त्याने माशांच्या खाण्याची डबी कपाटात घालून कुलूप लावलं. तरी तळाशी ब्रेड.

आता संशयाला एकच माणूस उरलं होतं.

"मला टाकीचा राग येतो," बायको म्हणाली. "हो, येतो! घरात पाऊल टाकलंस की आधी मासे मोजतोस. मी जेवले का, विचारलंस कधी? बाबांशी तरी बोलतोस? कुंडी उन्हाला लावावी तशी खुर्ची फिरवतोस आणि निघतोस."

"म्हणजे तूच घालतेस."

"समज तुला काय समजायचं ते."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचं चित्त लागेना. भिंग घासता घासता कड उडाली. गिऱ्हाईक काही बोललं, त्याच्यावर तो खेकसला. भर दुपारी त्याने शटर ओढलं. आज रंगेहाथ पकडायचं, मग मॅडमसमोर उभं करायचं, असं मनाशी घोकत तो घराकडे सुटला.

इमारतीच्या दारातच बायको भेटली. हातात औषधांची पिशवी.

"तू इथे?" त्याने विचारलं. "मग घरात कोण आहे?"

"बाबा झोपलेत. गोळ्या संपल्या होत्या, पटकन जाऊन आले."

त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "त्या ताईकडची किल्ली परत घेतलीस?"

"राहिली घ्यायची," बायको म्हणाली.

तो जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढला. काढून टाकलं म्हणून सूड घेते आहे, तेही एका लुळ्या माणसाच्या डोळ्यांदेखत! दाराला कान लावला. आत टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज झाला. त्याने कुलूप काढलं आणि दार भिंतीवर आपटलं.

"सापडलीस! थांब, हातच मोडतो तुझा—"

चाकाची खुर्ची रिकामी होती.

टाकीपाशी, त्याच्याकडे पाठ करून, बाबा उभे होते. डाव्या हाताने टाकीचा स्टँड घट्ट धरलेला. गळ्यातल्या पट्टीतून सोडवलेला उजवा हात पाण्यावर होता. थरथरणाऱ्या बोटांतून ब्रेडचा चुरा जरा पाण्यात, जरा जमिनीवर पडत होता.

मागून धापा टाकत आलेल्या बायकोने त्याची बाही पकडली.

बाबांनी मान वळवली नाही. उरलेला चुरा पाण्यात पडेपर्यंत ते थांबले.

"ओरडू नकोस," ते जड जिभेने, सावकाश म्हणाले. "मासे बिचकतात."